राजधानी गेली, पत राहिली

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि करवीरची राजधानी बघता बघता जिल्ह्याचं गाव झाली. राजधानी म्हणजे नुसता राजवाडा नव्हे. दरबार असतो, कचेऱ्या असतात, पागा असते, मानकऱ्यांचे वाडे असतात आणि या सगळ्यांवर पोट असणारे सोनार, शिंपी, लोहार, चर्मकार, अत्तरवाले असतात. दरबार उठला की ही सारी माणसं एकदम पोरकी होतात. आपल्या देशात अशी कितीतरी संस्थानी गावं आहेत. तिथं राजवाड्याचं हॉटेल झालं, पेठा ओस पडल्या आणि तरुण पोरं मुंबईच्या गाडीत जाऊन बसली.

कोल्हापूरचं तसं झालं नाही. राजधानी गेल्यावर हे गाव आटलं नाही, उलट वाढलं. भट्ट्या वाढल्या, कारखाने उभे राहिले, दुधाच्या गाड्या मुंबईला जाऊ लागल्या. असं का झालं? ज्या उद्योगी माणसांनी या परिसराचं अर्थकारण घडवलं, त्यांच्याकडे पाहिलं तर याचं उत्तर सापडतं.

मी कवितेच्या वाटेनं जाणारा माणूस आहे. ताळेबंद वाचणं हा काही माझा प्रांत नव्हे. पण शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळं एका शब्दाकडे माझं लक्ष वारंवार जातं. तो शब्द म्हणजे पत. बँकेच्या भाषेत पत म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत. गावाच्या भाषेत पत म्हणजे अब्रू, दिल्या शब्दाला जागण्याची ख्याती. मराठीनं हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बांधून ठेवले आहेत. भांडवल वारशानं मिळतं, उसनंही आणता येतं. पत मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते. कोल्हापूरच्या उद्योगाची गोष्ट ही मुख्यतः पत कशी तयार झाली, कुणाकुणाला मिळाली आणि आज ती कुठं खर्ची पडते आहे, याची गोष्ट आहे.

सुरुवात बाजारापासून करू. कोल्हापूर ते मिरज ही रेल्वे १८९१ साली सुरू झाली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी शाहूपुरी ही पेठ वसवली. ती मुख्यतः गुळासाठी. रेल्वे आली म्हणजे माल लांब पाठवता येईल, पण माल एका जागी गोळा व्हायला पेठ हवी, पेठेला वखारी हव्यात आणि वखारींना व्यापारी हवेत, ही साखळी त्या तरुण राजाच्या ध्यानात आली होती. बाहेरगावचे व्यापारी येऊन इथं बसले. कोल्हापुरी गुळाचं नाव परप्रांतात गेलं ते या पेठेमुळं. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

गुळाचा बाजार चालतो कसा, हे पाहण्यासारखं आहे. शिवारात गुऱ्हाळ लागतं. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळतो, त्यात रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढतात. खाली उसाचीच चिपाडं जळत असतात. पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. त्याच्याजवळ कसलंही यंत्र नसतं, नजर आणि बोटं एवढंच. तो क्षण चुकला की गूळ चिकट तरी होतो, नाहीतर काळा पडतो. मग गुळाचे रवे गाडीत भरून पेठेत येतात, अडत्याच्या दारात सौदा निघतो, व्यापारी बोली लावतात. हा अडत्या शेतकऱ्याला हंगामाआधी उचल देतो. बियाण्याला, खताला, प्रसंगी लेकीच्या लग्नाला. कागदपत्र फारसं नसतं, शेतकऱ्याचा माल आपल्याच अडतीला येणार हा भरवसा असतो. इथं पत म्हणजेच भांडवल. अर्थात या व्यवहाराला दुसरी बाजूही आहे. उचलीचा दोर कधी कधी गळफास होतो आणि शेतकऱ्याला भाव मागायचं तोंड उरत नाही. सहकाराची गरज पुढं भासली ती यातूनच.

पण पत म्हटली की ती कुणाला मिळते, हा प्रश्न येतोच. त्या काळात अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचं पाणीही चालत नव्हतं. मग त्याच्या दुकानातला माल कोण घेणार? गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. पागेतल्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळं करून चहाचं दुकान काढायला मदत केली. ‘सत्यसुधारक’ हे त्याचं नाव. लोक चहा प्यायला येईनात, तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानापुढं गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. आपण ही गोष्ट सामाजिक समतेची म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती अर्थशास्त्राचीही गोष्ट आहे. गंगारामांना चहा करता येत होता. त्यांना हवं होतं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक यायला लागते ती पत. राजानं आपली पत त्यांना उसनी दिली. आज नव्या उद्योजकासाठी कर्जाच्या योजना पुष्कळ निघतात, पण त्याचा पहिला कप कोण विकत घेणार, याचा विचार फार थोड्या योजनांत असतो.

याच काळात आणखी काही पाया घातला गेला. १९०६ साली शाहू मिलची उभारणी सुरू झाली. भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचं काम हाती घेण्यात आलं. ते मध्येच थांबलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, पण आज कोल्हापूरच्या शिवारात जो ऊस डोलतो त्यामागं ते पाणी आहे. १९१३ मध्ये भास्करराव जाधव यांच्या पुढाकारानं अर्बन सोसायटी निघाली. पुढं ती अर्बन बँक म्हणून नावारूपाला आली. इचलकरंजीच्या जहागिरीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला होता आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी त्या धंद्याच्या पाठीशी बळ उभं केलं होतं. शेजारच्या औंध संस्थानात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान मिळालं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतण्यासाठी दिल्या, अशी हकीकत आमच्या भागात सांगितली जाते. या सगळ्यात राज्यकर्ता स्वतः तराजू घेऊन बसला नाही. त्यानं जागा दिली, पाणी अडवलं, वाट मोकळी केली. बाकीचं काम करणाऱ्यांनी केलं.

आता या काम करणाऱ्यांकडे येऊ. कोल्हापुरात ‘मेस्त्री’ हा शब्द फार मानाचा. इंजिनिअरकडे पदवी असते, मेस्त्रीकडे हात असतो. बाबूराव पेंटर हे असेच हाताचे धनी. पडदे रंगवणारा, मूर्ती घडवणारा हा माणूस. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून त्यांनी आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी तो घरीच करायचं मनावर घेतलं. आनंदराव मध्येच गेले, पण बाबूरावांनी हट्ट सोडला नाही. १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल हवं होतं, ते देण्यात गायिका तानीबाई कागलकर पुढं आल्या. एका कलावंत बाईनं दुसऱ्या कलावंताच्या हातावर विश्वास टाकून पैसा लावला. त्या काळातल्या कुठल्या पेढीनं असं कर्ज दिलं असतं? १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

याच कंपनीत तयार झालेली माणसं बाहेर पडली आणि १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी निघाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. एक यंत्रात डोकं घालणारा, एक रेषेचा आणि रंगाचा जाणकार, एक कॅमेऱ्यामागचा, एक गोष्ट सांगणारा आणि एक सराफीतला. जात-धर्म कुणी कुणाचा विचारला नाही, कसब विचारलं. दामले आणि फत्तेलाल ही दोन नावं तर इतकी जोडीनं घेतली जातात की एकाचं नाव घेतलं की दुसरं आपोआप ओठावर येतं. ‘संत तुकाराम’ या दोघांनीच दिग्दर्शित केला.

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूरचं नुकसान झालं, यात शंका नाही. पण यातून एक गोष्ट कळते. कंपनी उचलून दुसऱ्या गावी नेता येते. गावात मुरलेलं कसब मात्र तसं नेता येत नाही. चित्रपटाचा धंदा इथं पुढंही चालू राहिला. यंत्र उघडून पाहायची, मोडलं तर स्वतः दुरुस्त करायची आणि जमलं तर तसंच दुसरं बनवायची खोड या गावाला लागली ती लागलीच.

या खोडीतूनच कोल्हापूरचा यंत्रोद्योग जन्मला. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही या क्षेत्रातली आद्य नावं. पोवारांचं नाव तर शहरातल्या एका औद्योगिक वसाहतीलाच मिळालं. शाळेत फारसं न रमलेली पण लेथवर तासन् तास उभी राहणारी पोरं अशा मेस्त्रींच्या हाताखाली तयार झाली. शिवाजी उद्यमनगर वसलं. विहिरीवर आणि नदीकाठी पाणी उपसायला शेतकऱ्याला ऑइल इंजिन हवं होतं, ते इथल्या लहान लहान कारखान्यांनी बनवायला घेतलं. ऊस वाढला तसं इंजिन वाढलं, आणि इंजिनामुळं ऊस आणखी वाढला. शेती आणि यंत्र यांची अशी सोयरीक कोल्हापुरात जमली.

उद्यमनगरात काम कसं चालतं, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. समजा, एक लोखंडी भाग ओतायचा आहे. त्याचा लाकडी पॅटर्न एक जण करून देतो. वाळूचा साचा दुसऱ्याच्या शेडमध्ये होतो. पोकळ जागेसाठी लागणारा कोअर तिसराच कुणी पुरवतो. भट्टीत लोखंड वितळून साच्यात ओतलं जातं. निवल्यावर साचा फोडतात आणि कास्टिंगचे कंगोरे घासून काढतात. मग ते लेथवर जातं ते चौथ्याच दारात. एकट्या माणसाजवळ सगळी यंत्रं नसतात, तरी काम अडत नाही. कारण शेजारच्या गाळ्यात ते यंत्र असतं आणि ‘जॉब पाठवतो, संध्याकाळपर्यंत दे’ एवढा निरोप पुरतो. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा गावांचा विचार मांडला आहे. एका धंद्याची माणसं एका जागी पिढ्यान् पिढ्या राहिली की त्या धंद्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती तिथल्या हवेतच असतात आणि मुलं ती नकळत शिकतात, असा त्याचा आशय. उद्यमनगरात फेरफटका मारला की मार्शलसाहेबांचं म्हणणं पुस्तक न उघडता पटतं.

मग काळ फिरला. खेडोपाडी वीज गेली, विजेची मोटर आली आणि ऑइल इंजिनाची मागणी घटली. ज्या गावाचा धंदा एकाच वस्तूवर उभा असतो ते गाव अशा वेळी कोसळतं. कोल्हापूर सावरलं, कारण त्याच्याजवळ इंजिन ही वस्तू नव्हती, इंजिन करण्याची विद्या होती. त्याच भट्ट्या मोटारगाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या कारखान्यांसाठी कास्टिंग ओतू लागल्या. केरळातून आलेल्या मेनन कुटुंबानं इथं पिस्टनचा उद्योग वाढवला. बाहेरच्या माणसाला कोल्हापूरनं आपलं म्हटलं आणि त्यानंही या गावाच्या हातांना काम दिलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढं कागल-हातकणंगले अशा वसाहती होत गेल्या.

तिसरा पाय सहकाराचा. व्यापाऱ्याजवळ पैसा होता, मेस्त्रीजवळ कसब होतं. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याजवळ काय होतं? त्याच्याजवळ होता ऊस, आणि त्याच्यासारखे हजारो जण. संविधान सभेचे सदस्य राहिलेले रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी पंचगंगा साखर कारखाना उभारला, तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या माळावर वारणानगर वसवलं. रीत साधी होती. प्रत्येक शेतकऱ्यानं थोडा पैसा घालून शेअर घ्यायचा, सरकारनंही भाग घ्यायचा, त्या जोरावर कर्ज काढायचं आणि कारखाना उभा करायचा. शेअर कितीही असोत, मत एकच. एकट्या शेतकऱ्याला जी पत नव्हती ती सगळ्यांची मिळून तयार झाली.

दुधात तर हे आणखी लख्ख दिसतं. जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला ‘गोकुळ’, १९६३ साली स्थापन झाला आणि आनंदराव पाटील-चुयेकर यांच्यासारख्यांनी तो वाढवला. उसाचं बिल हंगामानंतर येतं, दुधाचं दर दहा दिवसांनी. ज्या घरात म्हैस बाईच्या हातची असते, तिथं या दहा दिवसांच्या बिलानं काय फरक पडला असेल ते सांगायला नको. मुलाची फी, दवाखाना, किराणा हे सगळं त्या बिलावर निघू लागलं. वाण्याच्या वहीत तिच्या नावानं उधार मांडलं जाऊ लागलं. तिचीही पत झाली.

तेव्हा राजधानी गेल्यावर कोल्हापूर का टिकलं, याचं उत्तर असं आहे. इथलं अर्थकारण राजवाड्याच्या एका खांबावर उभं नव्हतं. पेठ, मेस्त्री आणि सहकार या तीन पायांवर उभं होतं, आणि त्या तिन्ही पायांना भरवशाची माती होती.

आता चिंतेचं बोलतो. ही पत जुनी आहे म्हणून ती अखंड राहील असं समजायचं कारण नाही. शाहू मिलचा भोंगा केव्हाच थांबला. भट्टीपुढं उभं राहायला आज स्थानिक पोरं तयार नाहीत. ते काम उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली पोरं करतात. त्यांना आपण कामाला ठेवतो, पण गावात घेतो का? मेनन कुटुंबाला जे आपलेपण मिळालं ते या पोरांना मिळालं नाही, तर विद्या पुढं कुणाच्या हाती जाणार? आणि इथली शिकलेली मुलं पुण्याला जातात. वीजदराच्या प्रश्नावरून इथल्या कारखानदारांनी सीमेपलीकडे, कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तीही आपण ऐकली आहे. सहकारी संस्थांच्या निवडणुका तर अशा रंगतात की सभासद हा मालक आहे, याचा सभासदालाच विसर पडतो. एका मताची किंमत नोटेत मोजली गेली की आजोबांनी शेअर घेऊन उभी केलेली पत नातू एका रात्रीत विकून मोकळा होतो.

आणि पायताणाचं काय? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं तशीच पायताणं मांडली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीनं या कारागिरीचं ऋण मान्य केलं. आपल्याला राग आला, तो रास्तच होता. पण बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडी कमावणारा, पातळ वादी कापून वेणी घालणारा कारागीर आपल्याच गावात कुठल्या गल्लीत राहतो, त्याच्या पोराला तो धंदा करावासा वाटतो का, दुकानातल्या किमतीतून त्याच्या हाती किती पडतात, हे आपण तरी कधी विचारलं? नाव परदेशी कंपनीनं घेतलं नाही म्हणून आपण चिडलो. आपल्या दुकानाच्या पाटीवर तरी त्या कारागिराचं नाव कुठं आहे?

उद्योजकाची थोरवी त्याच्या बंगल्यावरून किंवा उलाढालीच्या आकड्यावरून मोजायची सवय आपल्याला लागली आहे. कोल्हापूरचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव निराळं माप सांगतो. बाबूराव पेंटरांच्या हाताखालून प्रभात निघाली. मेस्त्रीच्या हाताखालून मेस्त्री निघाले. गंगाराम कांबळ्यांच्या दुकानात चहा पिणाऱ्यांमुळं पुढच्या कित्येकांना दुकान काढायचं धाडस आलं. आपल्यानंतर किती जणांना स्वतःच्या पायावर उभं राहता आलं, किती जणांना पत आली, हे ते माप. आज जो कुणी या परिसरात नवा कारखाना काढेल, नवं दुकान थाटेल किंवा संस्थेच्या खुर्चीवर बसेल, त्यानं ताळेबंदाच्या शेवटी ही एक ओळ स्वतःच्या हातानं लिहून पाहावी. ती कोरी राहत असेल, तर वरचा नफा कितीही मोठा असला तरी गावाच्या खात्यावर तो तोटाच आहे.